लॅटिना सोरोरिटीचा कारभार कसा चालतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गेली की कधी तरी फोनवर सोरोरिटीचा, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या भगिनीसंघाचा, विषय निघतो. ती सोरोरिटी कधी दक्षिण आशियाई मुलींची असते, कधी लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाच्या मुलींची), तर कधी मोठ्या बंगल्यात राहणाऱ्यांची जुनी. हे पान लॅटिना सोरोरिट्यांपुरतं आहे. पोशाख, नाच, हातवारे यांचे व्हिडिओ नेटवर हवे तेवढे सापडतील. इथे कारभार बघू: अधिकार कोणाकडे, पैसा कुठून येतो, आणि काही बिघडलं तर जाब कोणाला विचारायचा.

सोरोरिटी म्हणजे महिला मंडळ, वसतिगृह की क्लब?

तिन्हीचं थोडं थोडं. ग्रीक अक्षरांचं नाव, काही गुप्त विधी, आयुष्यभराचं सदस्यत्व आणि समाजसेवेची अट, असा एकूण साचा. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती ना-नफा तत्त्वावर नोंदलेली कंपनी असते. म्हणून संस्थेचं पूर्ण नाव लिहिताना शेवटी 'इन्कॉर्पोरेटेड' येतं आणि सदस्य ते आवर्जून उच्चारतातही. लॅटिना सोरोरिट्यांकडे बहुधा स्वतःचं घर नसतं. त्यामुळे गहाणखत, स्वयंपाकी, खोल्यांचं भाडं हा मोठ्या सोरोरिट्यांचा अर्धा कारभार इथे नाहीच.

वेगळी लॅटिना सोरोरिटी काढायची गरज का पडली?

कारण आधीच्या संस्थांत या मुलींना जागा नव्हती, आणि जिथे होती तिथे त्या एकट्या पडत. न्यू जर्सीत १९६७च्या न्यूअर्कमधल्या दंगलींनंतर, १९६८ साली, गरीब घरांतल्या मुलांसाठी राज्याचा शैक्षणिक संधी निधी सुरू झाला. त्याच सुमारास पोर्तो रिकन आणि इतर लॅटिनो कुटुंबांतली मुलं सरकारी कॉलेजांत दिसू लागली. त्यांतल्या बऱ्याच जणी घराण्यात कॉलेजला गेलेल्या पहिल्याच. फॉर्म कसा भरायचा हे सांगायलाही घरी कोणी नाही.

त्या न्यू जर्सीतल्या युनियन गावच्या कीन कॉलेजात डिसेंबर १९७५मध्ये लॅम्डा थीटा अल्फा स्थापन झाली. ही पहिली लॅटिना सोरोरिटी. संस्थापक १७ जणी, आणि त्यांत लॅटिना, कॅरिबियन, युरोपीय अशा वेगवेगळ्या वंशांच्या मुली होत्या. पुढे सिग्मा लॅम्डा अप्सिलॉन न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला (१९८७), कापा डेल्टा काय टेक्सास टेक विद्यापीठात (१९८७), लॅम्डा थीटा नू कॅलिफोर्नियातल्या चिकोला (१९८६), ओमेगा फाय बीटा न्यूयॉर्क राज्याच्या ऑल्बनीला (१९८९), सिग्मा लॅम्डा गॅमा थेट आयोवा विद्यापीठात (१९९०). मक्याच्या शेतांच्या आयोवात लॅटिना सोरोरिटी निघावी याचं नवल वाटेल, पण जिथे या मुली सर्वांत कमी तिथेच एकत्र येण्याची निकड जास्त.

मराठी मुलगी सदस्य होऊ शकते का?

हो. वंशाची किंवा राष्ट्रीयत्वाची अट नसते. सिग्मा लॅम्डा गॅमासारख्या संस्था तर स्वतःला बहुसांस्कृतिक म्हणवतात. फक्त स्त्रियांना प्रवेश देणं कायद्यात बसतं, कारण शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२च्या 'टायटल नाइन' कायद्यातून अशा सामाजिक संस्थांच्या सदस्यत्वाला १९७४ साली सूट मिळाली. पुण्याहून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलीलाही सदस्य व्हायला आडकाठी नाही.

मात्र एक लक्षात ठेवा. सामाजिक सोरोरिटी सहसा एकच करता येते आणि ती जन्माची असते. दक्षिण आशियाई मुलींच्याही सोरोरिट्या आहेत: कापा फाय गॅमा १९९८ साली ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात निघाली, डेल्टा कापा डेल्टा १९९९ साली टेक्सास ए अँड एममध्ये. मुलीने दोन्हींच्या माहितीसभांना जाऊन बघावं आणि मग ठरवावं. मैत्रीण जाते म्हणून जाणं हे कारण दोन सेमिस्टर टिकतं.

खरा अधिकार कोणाकडे असतो?

कागदावर राष्ट्रीय मंडळाकडे. नाव, अक्षरं, बोधचिन्ह ही सगळी मालमत्ता राष्ट्रीय संस्थेची. विद्यापीठातल्या गटाला, म्हणजे चॅप्टरला, सनद मिळते आणि त्या सनदेच्या जोरावर ती अक्षरं वापरता येतात. सनद देणारी संस्था ती काढूनही घेऊ शकते. मधल्या पातळीवर विभागीय संचालक असतात, दोन-चार राज्यांतल्या चॅप्टरांवर लक्ष ठेवायला. बहुतेक संस्थांत राष्ट्रीय अधिवेशनात चॅप्टरांच्या प्रतिनिधी मतदान करतात, घटनेत बदल करतात आणि मंडळ निवडतात.

प्रत्यक्षात चित्र वेगळं दिसतं. राष्ट्रीय मंडळावरच्या बायका बहुधा बिनपगारी. दिवसा नोकरी, संध्याकाळी मुलं, रात्री नऊला झूमवर मंडळाची बैठक. मोजक्या मोठ्या संस्थांनाच पगारी कार्यालय परवडतं. आणि चॅप्टर म्हणजे काय, तर अनेक ठिकाणी आठ-दहा मुली. दक्षिणेकडच्या मोठ्या विद्यापीठांतल्या जुन्या सोरोरिट्यांत एकेका चॅप्टरात तीनशे-चारशे मुली असतात. इथे आठांपैकी चौघी मे महिन्यात पदवी घेऊन जातात आणि ऑगस्टमध्ये उरलेल्या चौघींवर सगळी पदं येऊन पडतात.

म्हणजे नियम करणाऱ्या दमलेल्या, आणि पाळणाऱ्या दर दोन वर्षांनी नव्या. लॅटिना सोरोरिटीच्या कारभारातल्या बहुतेक अडचणींचं मूळ इथे आहे. दुष्टपणा, गटबाजी वगैरे कारणं लोक आधी देतात, पण विस्मरणाने जितकी चॅप्टरं बुडतात तितकी भांडणाने बुडत नसावीत.

चॅप्टरात कोणती पदं असतात? सर्वांत महत्त्वाचं कोणतं?

अध्यक्षा, उपाध्यक्षा, चिटणीस, खजिनदार, नव्या सदस्यांचं शिक्षण बघणारी, समाजसेवा बघणारी, आणि विद्यापीठाच्या परिषदेवर जाणारी प्रतिनिधी. आठ मुलींच्या चॅप्टरात एकेकीकडे दोन-तीन पदं असतातच.

सगळ्यांना अध्यक्षपद हवं असतं. माझ्या मते चॅप्टर तगतं ते चिटणीस आणि खजिनदार यांच्यावर. इतिवृत्त लिहिलेलं नसेल तर गेल्या वर्षी काय ठरलं यावरून याही वर्षी वाद. बँकेत सही करणारी मुलगी पदवी घेऊन शिकागोला गेली आणि नवीची सही चढवलीच नाही, तर खात्यात पैसे असून हॉलचं भाडं भरता येत नाही. फायली कोणाच्या तरी विद्यापीठाच्या ईमेलखाली ठेवल्या असतील तर तो ईमेल बंद झाला की दहा वर्षांचा इतिहास त्याच्यासोबत गेला. म्हणून शहाणी चॅप्टरं चॅप्टरच्याच नावाचं ईमेल आणि ड्राइव्ह ठेवतात, दोघींची सही घेतात, आणि निवडणूक मेऐवजी मार्चमध्ये उरकतात, म्हणजे जुनी नि नवी दोघी एकाच गावात असताना पद हस्तांतरित होतं.

सभा खरंच नियमाने होतात की गप्पा मारत?

दोन्ही. बऱ्याच संस्थांच्या पोटनियमांत 'रॉबर्ट्स रूल्स' या अमेरिकी सभाशास्त्राच्या नियमांचा उल्लेख असतो: गणपूर्ती, सूचना, अनुमोदन, चर्चा, मतदान. सहा जणींच्या खोलीत 'अध्यक्ष महोदया, मला सूचना मांडायची आहे' म्हणणं हास्यास्पद वाटतं खरं. पण त्या सहा जणी एकमेकींच्या रूममेट असतात, एकीचा ब्रेकअप दुसरीने रात्रभर जागून ऐकलेला असतो, आणि उद्या तिच्याच थकलेल्या वर्गणीवर ठराव करायचा असतो. तेव्हा कोरडी पद्धत उपयोगी पडते. बोलणं ठरावाबद्दल राहतं, व्यक्तीवर घसरत नाही.

भगिनीभावाचा कारभाराला होणारा त्रास हाच. विरोधी मत दिलं की 'तू आमची नाहीस का?' असा सूर निघतो. नव्या सदस्यांच्या निवडीसाठी म्हणूनच गुप्त मतदान असावं, हात वर करून नको. आणि जिची सख्खी बहीण किंवा रूममेट अर्जदार आहे तिने मतदानातून बाजूला राहावं, असा नियम लेखी हवा.

पैशाचं काय? वर्गणी किती, जाते कुठे?

रक्कम संस्थेगणिक आणि चॅप्टरगणिक बदलते. घर नसल्यामुळे बंगलेवाल्या सोरोरिट्यांपेक्षा खर्च बराच कमी येतो, तरी अर्धवेळ नोकरी करून शिकणाऱ्या मुलीला तोही जाणवतो. पहिल्या वर्षी प्रवेशशुल्कामुळे जास्त, नंतर कमी.

पैशाचे वाटे साधारण असे पडतात: राष्ट्रीय वर्गणी, दायित्व विमा, अधिवेशनाचा प्रवास, आणि उरलेलं चॅप्टरच्या कार्यक्रमांना. विमा ऐच्छिक समजू नका. हॉल द्यायच्या आधी अनेक विद्यापीठं विम्याचं प्रमाणपत्र मागतात, त्यावर विद्यापीठाचंही नाव घालून. राष्ट्रीय वर्गणी थकली की प्रमाणपत्र येत नाही, आणि चार महिने तालीम केलेला कार्यक्रम रद्द होतो.

गोंधळ होतो तो निधी गोळा करताना. एम्पानाडा (करंजीसारखा पदार्थ) विकल्या, सालसा नाचाची रात्र केली, पैसे आले खजिनदाराच्या स्वतःच्या वेन्मोवर, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायच्या ॲपवर. ती मुलगी प्रामाणिक असते हो. पण तिच्या भाड्याचे, किराण्याचे आणि कर्करोग निधीचे पैसे एकाच खात्यात मिसळले की हिशेब दाखवायचा कसा? चॅप्टरला स्वतःचा करदाता क्रमांक आणि स्वतःचं बँक खातं हवं. ज्या कार्यक्रमाचे पैसे दानासाठी म्हणून मागितले ते चॅप्टरच्या टी-शर्टांवर खर्च करता येत नाहीत, टी-शर्टवर संस्थेचंच नाव असलं तरी.

लॅटिना संस्थांत एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. काही सदस्यांकडे इमिग्रेशनची कागदपत्रं नसतात, काहींकडे २०१२ साली सुरू झालेल्या 'डाका' सवलतीपुरतीच असतात (लहानपणी कागदपत्रांविना आलेल्यांना हद्दपारीपासून तात्पुरतं संरक्षण देणारी ही सवलत). सदस्यत्वाच्या अर्जात सोशल सिक्युरिटी क्रमांक विचारू नये, त्याची गरजही नसते. विमानाने अधिवेशनाला जाणं सक्तीचं करण्याआधीही दोनदा विचार व्हावा. हे लिहून ठेवलेलं नसेल तर कोणी तरी निष्पाप मुलगी सगळ्यांसमोर 'तू का येत नाहीस?' असं विचारून बसते.

दिलेल्या देणगीवर करसवलत मिळते का?

कोणाला दिली त्यावर आहे. सामाजिक सोरोरिटी सहसा करकायद्याच्या कलम ५०१(सी)(७) खाली येते: संस्थेला उत्पन्नकर माफ, पण देणगीदाराला सवलत नाही. म्हणून अनेक संस्था शिष्यवृत्तीसाठी वेगळं प्रतिष्ठान काढतात, कलम ५०१(सी)(३) खाली. तिथल्या देणगीवर सवलत मिळते. दोन्हींची मंडळं आणि खाती वेगळी असायला हवीत, नुसता लेटरहेड वेगळा असून भागत नाही.

ज्या संस्थेची वार्षिक जमा सहसा ५०,००० डॉलरच्या आत असते तिला फक्त ९९०-एन नावाचं छोटं ऑनलाइन विवरण भरावं लागतं. दहा मिनिटांचं काम. सलग तीन वर्षं चुकलं की करमाफीचा दर्जा आपोआप जातो. दर दोन वर्षांनी खजिनदार बदलणाऱ्या चॅप्टरात तीन वर्षं कशी निघून जातात ते कळतही नाही. कोणत्याही संस्थेचा दर्जा करखात्याच्या संकेतस्थळावर शोधता येतो, अगदी तुम्हालासुद्धा.

समाजसेवा खरी असते की बायोडेटापुरती?

दोन्ही प्रकार दिसतात. प्रत्येक संस्थेचा एक राष्ट्रीय विषय असतो. कापा डेल्टा काय अमेरिकन कॅन्सर सोसायटीसाठी निधी जमवते, लॅम्डा थीटा अल्फा सेंट ज्यूड या मुलांच्या रुग्णालयासाठी. सिग्मा लॅम्डा गॅमा स्तनाच्या कर्करोगाविषयी जागृती करते, ओमेगा फाय बीटा स्त्रियांवरच्या हिंसेविरुद्ध. लॅम्डा थीटा नूची चॅप्टरं शाळकरी लॅटिना मुलींसाठी नेतृत्व परिषदा भरवतात. कॉलेजात जाणं म्हणजे काय हे त्या मुलींना तिथे, विद्यापीठाच्याच आवारात, कळतं. मला यांतला हा उपक्रम सर्वांत मोलाचा वाटतो, कारण नुकतीच वाट काढलेली मुलगी मागून येणारीला तीच वाट दाखवते.

कारभाराचा प्रश्न येतो तो तासांच्या हिशेबात. प्रत्येक सदस्याने सेमिस्टरला अमुक तास सेवा करायची, आणि तासांच्या नोंदवहीवर तिची पत ठरते. तास मोजायला सोपे, म्हणून तेच मोजले जातात. मग पाच जणी एकाच अन्नछत्रात फोटो काढून येतात, आणि एकटीने दर मंगळवारी एका आजीचे वैद्यकीय कागद इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये समजावून सांगितले तर ते नोंदवहीत बसत नाही. चांगल्या सेवाप्रमुख असं काम नोंदवून घेतात.

गुप्त विधी, 'लाइन', 'क्रॉस होणं' हे काय आहे? आणि रॅगिंग?

नव्या मुलींचा गट म्हणजे लाइन. काही आठवडे त्या संस्थेचा इतिहास, नियम, ग्रीक अक्षरं शिकतात, नंतर दीक्षा होते आणि त्या क्रॉस होतात. मग सगळ्यांसमोर नव्या सदस्यांचं सादरीकरण: एकसारखे कपडे, कधी चेहऱ्यावर मुखवटे, एका सुरात सलुदो (अभिवादनाच्या घोषणा) आणि शेवटी स्ट्रोल (रांगेत चालत केलेला नाच). दीक्षेचा विधी गुप्त असणं यात काही वावगं नाही. पण वेळापत्रक, जागा, खर्च आणि जबाबदार व्यक्ती गुप्त असता कामा नये. मुलगी या काळात कुठे आहे हे घरच्यांना सांगता येत नसेल तर तो विधीचा भाग म्हणून सोडून देऊ नका.

रॅगिंगला तिथे हेझिंग म्हणतात. झोपू न देणं, रांगेत तासन्‌तास उभं करणं, पाठांतर चुकलं की शिक्षा, सगळ्यांशी बोलणं बंद करायला लावणं हे सगळं त्यात येतं. 'तिची संमती होती' हा बचाव बऱ्याच राज्यांत चालत नाही. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ सालचा. अमेरिकेत असे कायदे राज्यांचे असतात, आणि डिसेंबर २०२४मध्ये संघराज्याच्या पातळीवरही एक कायदा झाला. त्यानुसार विद्यापीठांना हेझिंगच्या घटनांची आकडेवारी वार्षिक सुरक्षा अहवालात द्यावी लागते. शिवाय ज्या मान्यताप्राप्त विद्यार्थी संघटना दोषी ठरल्या त्यांची नावं जाहीर करावी लागतात. म्हणजे मुलीच्या विद्यापीठाचा हा अहवाल तुम्ही घरबसल्या वाचू शकता.

लहान संस्थांत धोका वेगळ्या वाटेने येतो. पदवी घेऊन गेलेल्या 'मोठ्या बहिणी' शनिवार-रविवारी गाडी काढून येतात आणि 'आमच्या वेळी असं होतं' म्हणून जुन्या प्रथा परत आणतात. चॅप्टरच्या अध्यक्षेचं वय वीस, येणारीचं तीस. नाही म्हणणार कोण? म्हणून नव्या सदस्यांच्या कार्यक्रमांना कोणी माजी सदस्य यावं आणि कोणी नाही याची यादी विभागीय संचालकाने मंजूर करावी. ज्या संस्था हे काटेकोरपणे करतात त्यांना माजी सदस्य नावं ठेवतात. ठेवू द्या.

तक्रार झाली तर पुढे काय होतं?

चॅप्टरचं काम तात्पुरतं थांबवण्याचा आदेश, चौकशी, सुनावणी, निर्णय, अपील. विद्यापीठाची चौकशी वेगळी आणि राष्ट्रीय संस्थेची वेगळी, दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. न्यायालयं खासगी संस्थांच्या अंतर्गत निर्णयांत सहसा पडत नाहीत, पण संस्थेने स्वतःचेच पोटनियम मोडले असतील तर गोष्ट वेगळी. म्हणून कोणत्याही सदस्याने पोटनियमांची प्रत आधीच मागून ठेवावी, भांडण झाल्यावर मागायला जाऊ नये.

विद्यापीठाचा अधिकार किती?

मान्यता देणं आणि काढणं, जागा वापरू देणं, किमान गुणांची अट घालणं, सल्लागार नेमायला लावणं एवढा. सदस्य कोण असावी हे विद्यापीठ ठरवत नाही. गुण बघायचे तर १९७४च्या खासगीपणाच्या कायद्यामुळे मुलीची लेखी परवानगी लागते.

अलीकडे राजकारणाचाही वारा लागलाय. टेक्सासमध्ये १ जानेवारी २०२४पासून सरकारी विद्यापीठांतली विविधता-समावेशन कार्यालयं बंद करणारा कायदा लागू झाला. विद्यार्थी संघटनांना त्यात सूट आहे. पण ऑस्टिनच्या विद्यापीठाने बहुसांस्कृतिक विद्यार्थ्यांचं केंद्रच बंद केलं. संघटना राहतात, त्यांना खोली, सल्लागार नि थोडा निधी देणारं कार्यालय जातं. आठ मुलींच्या चॅप्टरला ते फार जड पडतं.

सगळ्या लॅटिना सोरोरिट्यांवर एखादी शिखर संस्था आहे का?

१९९८ साली स्थापन झालेली नाल्फो ही लॅटिनो बंधुसंघ-भगिनीसंघांची राष्ट्रीय संघटना आहे. सदस्यत्व ऐच्छिक, संस्था येतात-जातात. समन्वय साधते, सदस्य संस्थांच्या घरच्या कारभारात हुकूम चालवत नाही.

चॅप्टर बंद पडलं तर?

सदस्यत्व जात नाही. शिल्लक पैसे, कागदपत्रं, विधीचं साहित्य राष्ट्रीय संस्थेकडे जातं. पैसे आपापसांत वाटून घेणं बेकायदा ठरू शकतं. काही वर्षांनी तिथेच नव्या मुली पुढे आल्या तर चॅप्टर पुन्हा उभं राहतं.

पालक म्हणून आम्ही काय विचारावं?

मुलीलाच विचारा, आणि उलटतपासणीच्या सुरात नको. पहिल्या वर्षाचा एकूण खर्च लेखी मिळाला का? पैसे चॅप्टरच्या खात्यावर गेले की कोणाच्या फोनवर? नव्या सदस्यांचा कार्यक्रम किती आठवडे, रात्री किती वाजेपर्यंत? विभागीय संचालकाचं नाव तिला माहीत आहे का? मध्येच सोडायचं ठरवलं तर पैसे परत मिळतात का? चांगल्या चॅप्टरातल्या मुलीला यांतली बहुतेक उत्तरं तोंडपाठ असतात. न आठवणारी ती विचारून सांगते.

आम्ही थेट राष्ट्रीय कार्यालयाला फोन केला तर चालेल का?

वर्गणी, वेळापत्रक, मैत्रिणींचे रुसवे यांसाठी नको. ती अठरा वर्षांची आहे आणि तुमच्या फोनची गोष्ट चॅप्टरात तासाभरात पसरेल. मारहाण, बळजबरीने दारू, डांबून ठेवणं अशी शंका असेल तर आधी ९११ हा आणीबाणीचा क्रमांक, मग विद्यापीठाच्या डीनचं कार्यालय, त्यानंतर राष्ट्रीय संस्था. निनावी तक्रारीची सोय विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बहुधा असते. मुलीने आलेले मेसेज पुसू नयेत, स्क्रीनशॉट घेऊन तुम्हाला पाठवून ठेवावेत.